खडूचं विमान

विमानतळ केवढा, तर
आमच्या गुहागरचा एसटी स्टँड ओढून लांब केला
आणि टोकाला वाऱ्याची पिशवी बांधली, तेवढा.
रम्सच्या अलीकडे, मागे उघडे डोंगर,
पुढे खारट जमीन, मग खाडी.
मोठी विमानं दिवसाला दोन. बाकी ही पोरं,
दोन सीटची, चार सीटची, शिकाऊ,
उतरताना तीनदा टेकतात
आणि चौथ्यांदा बसतात.

आग विझवायच्या गाडीवर मला अकरा वर्षं झाली.
खरी आग दोनदा पाहिली,
त्यातली एक कँटीनमधली.
बाकी सगळं किरकोळ. हा शब्द साहेबांचा.
टायर फुटला, किरकोळ.
पुढचं चाक मोडून नाक घासत गेलं,
पंखा केळीच्या पानासारखा दुमडला, तरी किरकोळच.
एक जर्मन म्हातारा म्हणे हमरस्त्यावर उतरला,
सिमेंटच्या ट्रकमागे,
आणि लाल दिव्याला थांबला.
हे गुलरेझ सांगतो. निम्मं धरायचं.

जानेवारीत ती वर गेली तेव्हा आभाळ स्वच्छ होतं.
धुकं मागून आलं, समुद्राकडून, चालत.
टॉवरमधून बिजुमोनने दोनदा विमानाचा नंबर पुकारला.
तिसऱ्यांदा नंबर सोडून
नाव घेतलं,
शम्सा.
रेडिओवर नाव घ्यायचं नसतं.

साडेनऊला धुकं उठलं.
खाडी जिथल्या तिथे होती.

चिखलात कोण उतरणार, तर मी.
तिवरांच्या मुळांतून पाऊल कसं टाकायचं,
टाच आधी नाही, बोटं आधी, आणि थांबायचं नाही,
हे त्या तळावर दोघांनाच ठाऊक,
मला आणि रोहित पक्ष्यांना.
बापामागून कालवं काढायला जायचो
ते इतक्या वर्षांनी, असं, कामाला आलं.
घरचे म्हणतात, आखातात असतो.
गुडघाभर चिखलात आखात नसतं.
खाडीच असते. ओहोटीला तोच वास.
दाराची कडी सापडली. शेपटीचा पत्रा.
एक निळा बूट,
लेसला दुहेरी गाठ.

हँगरच्या फरशीवर चौकशीच्या साहेबाने
खडूने विमान काढलं, खऱ्या मापाचं,
आणि म्हणाला, जे जिथलं ते तिथे ठेवा.
सव्वादोन महिने मी त्याच्या कडेकडेने झाडलं.
उजवा पंख भरला. शेपूट जवळजवळ.
मधे नुसती फरशी.

एकदा तिचे वडील आले.
रेघेच्या बाहेर चपला काढल्या
आणि दार असतं तिथून, वाकून, आत गेले.
डाव्या सीटच्या जागी मांडी घालून बसले,
तोंड पुढे.
साहेब फाईल घेऊन बाहेर निघून गेला.
मी झाडू भिंतीला टेकवला,
आवाज व्हायला नको म्हणून
सोडला मात्र नाही,
किती वेळ तसाच धरून उभा.

अहवाल आला. बत्तीस पानं.
बिजुमोनने मला वाचून दाखवला, त्यात त्याचं नाव नव्हतं,
हे त्याने दोनदा तपासलं, आणि तरी
चहा गार होऊ दिला.

मग फरशी धुवायचा हुकूम.
खडू जातो हो. पण जिथे इतके दिवस
कुणाचा पाय पडला नाही
ती फरशी उजळ राहते, तिरपं ऊन आलं की
पंख दिसतात.

काल नवं विमान आलं, पिवळ्या पट्ट्याचं,
अजून प्लॅस्टिकचा वास असलेलं.
आम्ही मागे ढकलत नेलं.
गुलरेझ ओरडत होता, आण, आण, अजून खूप जागा आहे.
हातभर अलीकडेच मी म्हटलं, बास.
आणि चाकामागे ठोकळा सारला.