छताला कडी आहे का

कंपनीच्या माणसाला मी फोनवर विचारलं,
खोलीत छताला कडी आहे का.
तो म्हणाला, मॅडम, बाल्कनी आहे.
मी म्हटलं, कडी. लुगड्याची झोळी बांधायला. बाळासाठी.
त्याने मला होल्डवर ठेवलं
आणि बराच वेळ कानात सतार वाजत राहिली.
मग म्हणाला, कॉट मिळेल.
कडी नाही.

जहाज सुटेल तेव्हा निहिरा
सहा महिने चार दिवसांची असेल.
सहाच्या आतलं बाळ घेत नाहीत,
म्हणजे चार दिवसांनी आम्ही पास.
हेमराज कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायला गेला
तर चौकटीत आधीच माझ्या अक्षरात लिहिलेलं:
नळ.

आमच्या देवपुरातल्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो,
कधी नवव्या.
आणि आम्ही चाललोय तीन रात्री
चारी बाजूंनी पाणी असलेल्या ठिकाणी.
किल्ली सुपडाबाईंकडे द्यायची ठरली.
दोन ड्रम, एक टाकी, नळी माळ्यावर,
आणि मोटर लावताना चपला घाला, हे दोनदा सांगून झालं.

जन्मदाखल्यावर निहीरा, आधारवर निहिरा.
एका वेलांटीसाठी महापालिकेत तीन चकरा.
बाबू म्हणाला, एवढीशी पोर, एवढीशी वेलांटी,
बोटीवर कोण बघतंय?
पण त्याने दुरुस्त केली,
आणि शिक्का मारताना
पोरीच्या कानावर हात ठेवा म्हणाला.

आप्पा तेहतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात.
तिकिटं त्यांनीच काढली, निवृत्तीच्या पैशातून,
कुणालाही न विचारता.
आणि तेव्हापासून एकच विचारतात:
मधेच बंद पडलं तर ढकलतं कोण?

बॅगेत भाजलेल्या मुगा-तांदळाची भरड,
तापाचे थेंब, डॉक्टरांची चिठ्ठी,
बावीस दुपटी. बावीस पुरतील का?
केटल नेऊ देत नाहीत. चाकू नाही. उदबत्ती नाही.
नणंद पुण्याहून कळवते, उन्हाची टोपी घे, नाडीची.
घेतली. निहिराने नाडी चघळून ठेवली.

रात्री सराव.
झोळी सोडून ठेवली आणि तिला गादीवर निजवलं.
पहिल्या रात्री दोनपर्यंत रडली.
दुसऱ्या रात्री अडीचपर्यंत, आणि थोडी मीसुद्धा.
हेमराज म्हणाला, अगं, ते जहाजच हलतं म्हणे,
आख्खी झोळीच आहे ती.
मी म्हटलं, मग तूच झोप तिच्यात, दे मला गादी.
तिसऱ्या रात्री आप्पा उठून आले.
तिला मांडीवर आडवी घेतली
आणि तोंडाने इंजिन सुरू केलं.
धुळे डेपोतून निघाले, साक्रीला थांबले,
एक प्रवासी उतरवला, घंटी मारली,
पुढे दुसऱ्या गिअरमध्ये घरघरत
कोंडाईबारीचा घाट लागला.
अर्ध्या घाटात ती झोपली.
आप्पा मात्र पूर्ण घाट उतरून मगच थांबले.
अध्ये गाडी बंद करत नाहीत, म्हणाले.

काल दुपट्यांच्या घडीत हाताला काही जड लागलं.
बारा-तेराचा पाना.
मी काढून फडताळात ठेवला, बोलले नाही.
आज सकाळी तो परत घडीत,
आता टोपीत गुंडाळलेला.

संध्याकाळी सुपडाबाई किल्ली घ्यायला आल्या.
बॅगा बघितल्या, पोर बघितली,
उंबऱ्यात टेकत विचारलं,
तठलं पानी पेवाले चालस का?
मी म्हटलं, नाही हो, खारट असतं.
मंग इतला लांब कसाले जाई राह्यनात?

उत्तर सुचायच्या आत
मोरीतल्या नळाने घसा खाकरला.
एक दिवस आधी.
बॅगा तशाच उघड्या टाकून
आप्पा ड्रम सरकवायला, हेमराज माळ्यावर नळीला,
सुपडाबाई चप्पल शोधत मोटरीकडे,
आणि निहिरा माझ्या कडेवर,
रिकाम्या ड्रमात पडणाऱ्या पहिल्या धारेच्या
त्या मोठ्या आवाजाकडे तोंड करून,
रडू की हसू
हे अजून न ठरवलेली.