तांबडी प्लेट

वागळे इस्टेट, गाळा नंबर चौदा.
काळी शाई कधीच चढली:
वार, तिथ्या, भरणी-कृत्तिका, दूधवाल्याचे रकाने.
तांबडी तेवढी अडलीय.

अठरा की एकोणीस?
नौपाड्यात सभा झाली, कोपरीत मोर्चा,
राष्ट्राचा सण नेमका कुठल्या दिवशी
यावरून दोन इतिहासकार एकाच माइकला झोंबले.

हरेश्वर भोईर रोलर पुसत विचारतो,
"साहेब, आपली सुट्टी कुठली?"
दोघेही हसतो.
अठराला ओव्हरटाइम, एकोणीसला डिलिव्हरी.

मध्यरात्री फोन आला: छापा, काहीही छापा.
पहिलाच ताव सरकून निघाला;
तांबडा आकडा
दोन चौकोनांमधल्या रेघेवर,
जिथे कुणीच सुट्टी मागितली नव्हती.

भोईरने तो ताव फाडला नाही.
घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला.