पोहोच सात फूट

खराडीच्या सातव्या मजल्यावर
मी हॅलबर्ड बनवते.
मराठीत काय म्हणायचं त्याला?
भाला म्हणावं तर कुऱ्हाड रुसते,
कुऱ्हाड म्हणावं तर मागची आकडी हटून बसते.
शेजवळ म्हणतो, दांडकं म्हण
आणि पुढची फाइल उघड.

तिकडून सगळं ठरून आलंय:
मार बेचाळीस, वेग मंद, पोहोच सात फूट.
घोडेस्वारावर दुप्पट.
ज्या राज्यात हे चालणार
तिथे बर्फ आहे, ड्रॅगन आहे, चार राजे आहेत
आणि एकही रस्ता खणलेला नाही.

दुपारपर्यंत पातं झालं.
पातं सोपं, त्याला नुसतं चमकायचं असतं.
स्वाराला खोगिरावरून ओढणारी आकडीही झाली.
अडलं ते दांड्यापाशी.
लाकूड लाकडासारखं दिसत होतं
पण कुणी ते कधी धरलंच नव्हतं.

शनिवारी बुरुड आळीत गेले.
एकेक कळक उभा करून पाहत होते,
तर दुकानातल्या बाईंनी विचारलं,
‘मांडवाला की शिडीला?’
म्हटलं, लढायला.
त्या हसल्या नाहीत.
‘मग भरीव घ्या. पोकळ फुटतो.’

सात फूट रिक्षात मावेनात.
रिक्षावाल्यानं बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधलं
आणि सातारा रोडभर
बाजूच्या मोटारसायकली आपोआप लांब सरकत गेल्या.
घोडेस्वारावर दुप्पट.

घरी अण्णांनी काही विचारलं नाही.
कळक घेतला आणि धरला.
बी. डी. खोमणे, वायरमन, तेहतीस वर्षं.
त्यांच्याकडेही होती एक लांब काठी,
पिवळी, फायबरची, टोकाला आकडी.
रात्री पावणेतीनला, अख्खं सहकारनगर काळोखात,
खांबाखाली पाय रोवून
ते वरचा लटकलेला फ्यूज उचलायचे
आणि एका झटक्यात बसवायचे.
डावा हात वर, ढिला, वाट दाखवण्यापुरता.
उजवा खाली. जोर त्याचा.
‘मारायची नसते गं ही,’ म्हणाले,
‘अंतर राखायची असते.
जेवढी लांब, तेवढे आपण घरी परत.’

मग जेवायला बसलो.
डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत त्यांची.
एकोणनव्वद साली एकदा
काठी गाडीतच राहिली होती.

सोमवारी दांडा पुन्हा रंगवला.
डावा हात येईल तिथे वीतभर गुळगुळीत,
घामानं काळपट, किंचित खोलगट.
मंगळवारी शेरा आला:
झीज नको. पहिल्याच पातळीवर मिळतं हे शस्त्र,
अजून कुणी वापरलेलं नसणार.

बरोबर आहे त्यांचं.
पुसली.
सगळी नाही. वरच्या मुठीपाशी, चामड्याच्या पट्टीखाली
दोन बोटांएवढी राहू दिली.
खेळणाऱ्याला दिसायची नाही,
त्या खेळात पट्टी सोडता येत नाही.

कळक आता गच्चीत असतो.
टोकाला विळा बांधून अण्णा
पलीकडच्या सोसायटीतल्या शेवग्याच्या शेंगा काढतात,
डावा हात वर, ढिला.
पोहोच सात फूट,
टाचा उचलल्या तर थोडी जास्त.