न उडालेला बार

मारिएटाच्या बाहेर, ओहायो नदी वळते तिथल्या
एका धान्याच्या कोठारात लिलाव होता.
नांगर, दुधाच्या बरण्या, मोडकी पायपेटी,
आणि शेवटच्या टेबलावर, कुणी हात न लावलेलं,
अठराशे छत्तीसच्या बनावटीचं घोडदळाचं पिस्तूल.
मिलबरी गाव, वॉटर्सचा कारखाना.
चकमकीचा घोडा जागच्या जागी,
पुढे कुणी त्याला टोपीवर उडणारं करून घेतलं नव्हतं.
मी चेहरा सरळ ठेवला.
या नादात निम्मं काम चेहऱ्याचंच असतं.

दस्त्याच्या डाव्या अंगाला लंबगोलात दोन अक्षरं:
सरकारी तपासनिसाची.
कोण होता, माहीत नाही. पण त्या दिवशी त्यानं
नळी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला,
आणि म्हणाला असणार, हं, चालेल.
माझी एकोणीस पिस्तुलं
अशाच कुणाच्या तरी ‘चालेल’वर उभी आहेत.

जुनेपण घासून काढायचं नाही, हा आमचा पहिला नियम.
पॉलिशची डबी बाळगणाऱ्याला आम्ही जेवायला बोलवत नाही.
दुसरा: घरी आणलं की आधी नळी मोजायची.
बाहेरून साडेआठ इंच.
आत घालायला काहीतरी बारीक, लांब हवं होतं.
व्हर्नाच्या टोपलीत वीतभर मफलर होता,
तीन वर्षं तेवढाच.
दुसरी सुई कधी सापडलीच नाही.
होती ती काढून घेतली, आणि टाके सुटू नयेत म्हणून
तिथे पिवळी पेन्सिल सरकवली.

सुई सात इंचांवर थांबली.
पुन्हा घातली. सात.
शिशावर टेकल्याचा तो बोदा आवाज.

बार भरलेला होता.

इतकी वर्षं, धुराड्यावरच्या खिळ्याला,
ट्रंकेच्या तळाशी, पोरांच्या खेळण्यांत,
हे तोंड कुणावर ना कुणावर रोखून पडलं होतं.
कशासाठी ठासलं असेल? कोल्ह्यासाठी? भावासाठी?
आणि मग काय झालं?
दारू सर्दावली, का पहाट झाली,
का समोरचा माणूस साधंच काहीतरी बोलला
आणि तेवढं पुरलं?

क्लबातला ओरिन फाउट्स म्हणाला, काढून टाक की, बघतोस काय.
पण घाई चालत नाही.
बंदुकीला कान असतो. त्या कानात तेल घालून
मी आठ दिवस जागत राहिलो.

लाइल कंदाहारहून आल्याला अकरा वर्षं झाली.
जेवताना अजून भिंतीला पाठ लावून बसतो.
या खोलीत येत नाही.
मळसूत्राला धरून गोळी बाहेर आली
तेव्हा तो दारात उभा होता. कधीपासून, कोण जाणे.
“निघाली?”
“निघाली.”
त्यानं हात पुढे केला.
पांढरं पडलेलं शिसं, अर्ध्या औंसाचं,
आणि त्याला चिकटलेली चिंधी, निळी, बारीक चौकड्यांची,
कुणाच्या शर्टाची, नाहीतर झग्याची.
व्हर्नानं कापड ओळखलं असतं.
शिशाकडे त्यानं पाहिलंच नाही.
चिंधी अंगठ्यानं सपाट करत म्हणाला,
“हे घरात बसून भरलंय, बाबा.
छावणीत कागदाचं काडतूस असतं.”
लहानपणी मीच शिकवलं होतं त्याला ते,
आणि इतक्या दिवसांत माझ्याच लक्षात आलं नव्हतं.

दारूची काळी ढेप चमच्यात घेऊन
अंगणात काडी लावली.
तेल प्यायलेली ती. नुसती फुसफुसली.
कुत्रं उठलंसुद्धा नाही.

किमतीत एका डॉलरचाही फरक पडत नाही याने.
वहीत लिहिलं: क्रमांक वीस, नळी रिकामी.
चिंधी लाइल घेऊन गेला. कुठे ठेवली, विचारलं नाही.
सुई अजून पिस्तुलांच्या खणात आहे.
मफलर पेन्सिलीवर आहे.