चौदा म्हणेपर्यंत

ओलुफ त्वेटकडे मी कामाला लागले
ती अंडी फोडायला.
फोटोच्या कागदाला लागायचं फक्त पांढरं,
पिवळं उरायचं बादलीभर.
त्या वर्षी अख्ख्या स्किएल्विकमध्ये
आमच्याइतकं पिवळं कोणी खाल्लं नसेल.
पिवळ्याचा पाव, पिवळ्याची लापशी,
नाताळला पिवळ्याचाच केक.
अजूनही कोंबडी ओरडली की मला ढेकर येतो.

त्याची बोटं काळी. चांदीच्या पाण्यानं काळी.
चर्चमध्ये तो हातमोजे घालून बसायचा,
तरी पाद्रीबाईंनी शेवटपर्यंत त्याला
कोळसेवालाच मानलं.
"चांदी लोकांना श्रीमंत करते," तो म्हणायचा,
"मला नुसती रंगवते."

माणसं यायची अमेरिकेला निघण्याआधी.
बोट गुरुवारी, म्हणून बुधवारी रांग.
मानेमागे लोखंडी चिमटा,
नजर दारावरच्या खिळ्यावर.
"श्वास सोडा. आता तिथेच थांबा."
आणि तो मोजायचा, ओठांतल्या ओठांत.
आया लेकरांना मांडीवर आवळून बसायच्या
तरी एखाद्याला हात जास्तीचा यायचाच.
तो चिडायचा नाही.
"तीन हातांचं पोर. तिकडे उपयोगी पडेल."

उन्हाळ्यात डोंगर.
घोडीवर तंबू, काचा, बाटल्या, इथरचा वास;
घोडी झोपेत असल्यासारखी चालायची.
काच ओली आहे तोवर सगळं उरकायचं:
ओतायचं, बुडवायचं, पळायचं,
वारा पडायची वाट बघायची,
मग भिंगावरची टोपी काढायची.
खाडीला चौदा आकडे लागायचे.
चौदा म्हणेपर्यंत
धबधब्याचं दूध व्हायचं,
होडी विरघळून जायची,
आणि गुरांमागून गेलेला माणूस
मुळी गेलेलाच नसायचा.
इंग्रज प्रवाशांना असंच आवडायचं. रिकामं.

काच महाग. बर्गेनहून यायची, निम्मी फुटून.
म्हणून ज्यांचे पैसे वर्षभर आले नाहीत
ते चेहरे हिवाळ्यात मी पुसायचे:
खडूची भुकटी, स्पिरिट, जुन्या लोकरीचं फडकं.
आधी हनुवटी जायची, का कोण जाणे.
डोळे शेवटी.

मार्चमध्ये ब्रेक्केच्या शेतावर हिमकडा आला.
घर गेलं, गोठा गेला, माणसं सात.
मेमध्ये थूरा आली, पलीकडच्या काठाला दिलेली,
रुमालात नाणी बांधून.
अस्लाकचा फोटो हवा होता, धाकट्या भावाचा.
दोन वर्षांपूर्वी बसला होता तो,
द्यायचे राहिले होते.

ओलुफनं वही काढली. पान उलटलं.
माझ्याकडे पाहिलं नाही.
मला मात्र आठवला:
एक कान बाहेर आलेला.
तो कान पुसायला दोनदा फडकं फिरवावं लागलं होतं.

बऱ्याच वेळानं तो उठला,
खालच्या खणातून एक मोठा कागद काढला.
खाडी, डोंगर, उजव्या अंगाला ब्रेक्के,
उवेएवढं.
तिच्या हातात भिंग दिलं.
थूरा छपरावरून गेली, गोठ्यावरून, कुंपणावरून,
बोटानं नाही, नुसत्या श्वासानं.
दोरीवर काहीतरी होतं. पांढरट, फिसकटलेलं.

"वारा सुटला मध्येच," ओलुफ म्हणाला,
चूक कबूल करावी तसा.
"म्हणून विकला नाही हा."

"सदरा आहे त्याचा," थूरा म्हणाली.
"बाह्या मी लावल्या होत्या.
एक लांब झाली."

मीही पाहिलं नंतर, ती गेल्यावर.
मला फक्त डाग दिसला.

पैसे तो घेत नव्हता.
तिनं टेबलावर मोजून ठेवले,
जुन्या बाकीसकट.

त्या उन्हाळ्यात पुन्हा वर गेलो.
तंबू, काच, पळापळ.
वारा होता. गवत लोळत होतं,
कुठल्याशा अंगणात धुणं उडत होतं.
मी थांबले, तो थांबेल म्हणून.
त्यानं टोपी काढली
आणि मोजायला लागला, या वेळी मोठ्यानं.

इंग्रजांनी ते फोटो घेतले नाहीत.
दोन माझ्याकडे आहेत.