गुरुवारी ये

माझ्या दारावर माझं आडनाव आहे.
केट्टुनेन.
शेवटचं अक्षर वाकडं बसलं होतं,
ते सरळ करा म्हणून मी तीनदा अर्ज दिला.
तिसऱ्यांदा तार्यानं हातात पेचकस ठेवला, म्हणाली,
दार तुझं आहे, इल्मारी.

औलूत नोव्हेंबरमध्ये तीनलाच अंधारतं.
मी सायकलींच्या डेपोत चाकांचे आरे ताणतो.
आरा बोटानं छेडला की सैल की घट्ट ते तोच सांगतो,
माणसं असं काही सांगत नाहीत.
घरी येताना नदीकाठचा बर्फ
टायरच्या खिळ्यांखाली करकरत राहतो.
त्या आवाजात मी बसू शकेन, इतका तो बरा आहे.

आमच्या इमारतीत अकरा दारं.
तळमजल्यावर तार्याच्या खोलीत रात्रभर दिवा.
मी तिथे जात नाही.
दिवा पुरतो.

वरच्या मजल्यावर वेएरा रात्री दोनला चालते,
चाळीस पावलं तिकडे, चाळीस इकडे.
आधी मी छताला झाडूचा दांडा मारायचो.
आता मोजतो,
आणि परतीच्या सव्विसाव्या की सत्ताविसाव्या पावलावर कुठेतरी
मला झोप लागते.

पहिल्या महिन्यात लापशी करपली.
धुराचा भोंगा सुरू झाला आणि
मी न्हाणीघरात टबात बसलो, डोक्यावर तीन टॉवेल.
तार्या बाहेर जमिनीवर बसली होती. बोलली नाही.
दाराखालून तिनं एक कागद सरकवला:
आवाज बंद झाला. ४:१२.
मी खाली लिहून परत दिला:
४:१३.

आईच्या घरी चौतीस वर्षं
माझी नखं आईनं कापली,
माझे मोजे, माझी बिलं, माझ्या वतीनं हो आणि नाही,
सगळं तिच्याकडे.
रात्री भांडी घासताना ती नळाशी बोलायची,
माझ्यामागं याचं काय.
तिला वाटायचं मी झोपलोय.
नळानं कधी उत्तर दिलं नाही,
मलाही कुणी विचारलं नव्हतं.

तर परवा मंगळवारी ती आली, फोन न करता.
घंटी दोनदा.
भिंगातून पाहिलं: लोकरी टोपी, त्यावर बर्फ,
हातात वेलचीच्या गोड पावाची पिशवी.
मंगळवारी पाच ते सहा तळघरात माझ्या धुण्याची पाळी असते,
यादीत नाव आहे, माझ्याच अक्षरात.
मी पत्राच्या फटीतून म्हणालो,
आज मंगळवार. गुरुवारी ये.

बराच वेळ काहीच नाही.
मग बूट खाली उतरले, सात पायऱ्या,
आणि थांबले.
नाक ओढल्याचा आवाज. कागदाची कुरकुर.
रडणं आणि हसणं मला आवाजावरून वेगळं करता येत नाही,
दोन्हींत श्वास तसाच तुटतो.
मी दाराशी उभा राहिलो.
धुण्याला चार मिनिटं उशीर झाला.

तार्याला विचारलं तर म्हणाली, मला काय विचारतोस,
तिला विचार.

गुरुवारी ती वेळेआधी आली
आणि सहा वाजेपर्यंत जिन्यात थांबली.
मी दार उघडून पहिल्यांदा तेच विचारलं,
मंगळवारी पायरीवर काय करत होतीस?
पाव खात होते, ती म्हणाली.
भूक लागली होती. आणि राग आला होता.
अर्धा उरलाय, हा घे.

मग बूट काढून ती तशीच उभी राहिली,
आपल्या मोज्यांकडे बघत,
आणि म्हणाली,
कुठे बसू?

माझ्या आईनं मला हे कधी विचारलं नव्हतं.
मी खिडकीजवळची खुर्ची दाखवली.
खुर्ची एकच आहे.
मी फ्रिजला टेकून उभा राहिलो,
ती बाहेरचा अंधार बघत होती आणि
वर वेएरानं आज लवकरच चालायला सुरुवात केली.

पुढच्या पगाराला दुसरी खुर्ची घेईन.
बहुतेक.