चालू

करी रोडला आमच्या चाळीपुढचा पत्रा मीच रंगवला.
निळ्यावर पांढरं : काम चालू आहे.
वाघधरे म्हणाला, पेडणेकर, अक्षर जरा भरघोस काढा,
लोकांना धीर येतो.
मी 'चा'चा काना खांबासारखा ओढला,
'लू'चा ऊकार ऐटीत वळवला.
दीड हजार राहिले त्याच्याकडे.

दुसऱ्या मजल्यावरची सुलभावहिनी
सभेत हळूच बोलली होती, हा माणूस चालू आहे.
आम्ही हसलो.
नळ चालू झाला की हंडे घेऊन धावणारे आम्ही,
लिफ्ट चालू आहे का, हे आधी विचारणारे.
शब्दात वाईट काय होतं?

लबाड म्हणावं तर ते आई म्हणते,
लाडू लपवणाऱ्या पोराचा गाल ओढून.
भामटा राहतो पेपरात, पान पाच,
वृद्धेच्या बांगड्या घेऊन पसार.
चोराला निदान रात्रपाळी असते.
चालू मात्र आपल्यातलाच,
सत्यनारायणाला पहिल्या रांगेत बसणारा.
त्याला शिवी देताना
ओठाच्या कोपऱ्यात थोडं कौतुक राहतंच.

खरं सांगतो,
आम्हाला चालूच हवा होता.
सरळ माणसाच्यानं पालिकेत फाईल हलते का?
एवढंच ठरवलं होतं
की तो बाहेरच्यांशी चालू असेल.

मग सह्या. पेढे.
अठरा महिन्यांसाठी संक्रमण शिबिर, प्रतीक्षानगर.
नाव ऐकूनही कुणाला काही वाटलं नाही.
यंदा नववं वर्ष.
सुलभावहिनी तिथेच गेली,
चावी कुठे ठेवलीय विचारत, पाडलेल्या खोलीची.

परवा नातीचा अभ्यास घेत होतो.
'तो बांधत आहे', काळ ओळखा.
मी म्हटलं, चालू वर्तमानकाळ.
ती म्हणाली, आजोबा, तुमच्या वेळचं ते.
आम्हाला अपूर्ण शिकवतात.

आता सगळंच सांगतोय तर हेही,
पत्रा रंगवताना उरलेला ऑइलपेंटचा एक डबा
मी पिशवीत घातला होता.
हिशोबात नाही दाखवला.
त्यातूनच आमच्या इथल्या दाराला हात मारला,
निळा.

कधी कधी बसनं जाऊन बघून येतो.
आत उंबर उगवलाय, कुत्री व्यालीय.
पत्र्याला डाव्या बाजूनं गंज लागला,
'काम' आधी गेलं.
उरलेले दोन शब्द
पुलावरूनही वाचता येतात.